दुहेरीत २८० वा क्रमांक, वय पंचवीस: पुढची दोन वर्षं कशी घालवावीत?

प्रश्न सांगलीच्या एका वडिलांचा आहे. मुलगा पंचवीस वर्षांचा. अमेरिकेत कॉलेज टेनिस खेळून परतला आणि आता व्यावसायिक सर्किटवर आहे. दुहेरीत एटीपी (पुरुषांच्या व्यावसायिक टेनिस संघटनेचं) रँकिंग २८० च्या आसपास, एकेरीत ७०० च्या पुढे. ते विचारतात: एकेरी सोडून फक्त दुहेरी खेळली तर त्यावर पोट भरेल का? आणि अजून किती वर्षं आम्ही पदरमोड करत राहायचं?

मी पुण्यात टेनिस शिकवतो आणि दुहेरीच्या खेळाडूंबरोबर बरीच वर्षं चॅलेंजर (एटीपीच्या मुख्य टूरच्या खालच्या पायरीच्या) स्पर्धांना फिरतो आहे. त्यामुळे आधी उत्तर सांगतो, मग कारणं. २८० वर पोट भरत नाही. दीडशेच्या आसपास पोचलं की खर्च कसाबसा भागतो. सत्तर-ऐंशीच्या आत आलं की मात्र चांगली कमाई सुरू होते. हे अंतर दोन वर्षांत कापता येतं. दोन वर्षांचे पैसे कर्ज न काढता उभे राहत असतील तर मुलाला पूर्णवेळ दुहेरी खेळू द्या. कर्ज काढावं लागणार असेल तर थांबा आणि आधी पैशाची सोय लावा.

तुमच्यासारख्या घरांना हा हिशोब कुणी नीट मांडून दाखवत नाही, म्हणून तो सविस्तर लिहितो.

सर्वांत खालची पायरी एम १५, म्हणजे आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) पुरुषांच्या सगळ्यांत छोट्या स्पर्धा. त्याच्या वर एम २५, मग चॅलेंजर. स्पर्धेची एकूण बक्षीस रक्कम १५,००० डॉलर, आणि त्यातला मोठा वाटा एकेरीला जातो. दुहेरी जिंकणाऱ्या जोडीला ९३० डॉलर मिळतात, म्हणजे माणशी ४६५. चार सामने जिंकून हातात चाळीस हजार रुपये. अंतिम सामना हरलात तर जोडीला ५४०, उपांत्य फेरीत ३२४, उपांत्यपूर्व फेरीत २१६, आणि पहिल्याच दिवशी गाशा गुंडाळावा लागला तर १०८. म्हणजे माणशी ५४ डॉलर. बऱ्याच देशांत यातूनही कर कापूनच पैसे हातात पडतात. आता दुसऱ्या बाजूला ट्युनिशियातलं मोनास्तिर, इजिप्तमधलं शर्म अल-शेख किंवा तुर्कस्तानातलं अंतल्या घ्या. या ठिकाणी आठवड्यामागून आठवडे एम १५ स्पर्धा होत असतात. खोली दोघांत वाटून घेतली, जेवण हॉटेलातच उरकलं, तरी गटिंग, म्हणजे रॅकेटच्या तारा नव्याने लावणं, आलंच. स्पर्धेच्या ठिकाणी एका रॅकेटच्या गटिंगला पंधरा-वीस युरो सहज जातात आणि सामन्याला दोन-तीन रॅकेटी ताज्या लागतात. विमानाचं तिकीट धरलं तर विजेतेपद मिळवूनही तो आठवडा तोट्यात जातो. एम २५ ची रक्कम २०२५ पासून ३०,००० डॉलर झाली आहे, त्याने थोडा फरक पडला, पण चित्र बदललेलं नाही.

मग मुलं तिथे जातात कशाला? गुणांसाठी. गुणांचा हिशोब लक्षात ठेवायला सोपा आहे: स्पर्धेच्या नावात जो आकडा असतो तेवढे गुण विजेत्याला. एम १५ जिंकलं की १५, एम २५ जिंकलं की २५, चॅलेंजर ७५ जिंकलं की ७५, एटीपी २५० (मुख्य टूरची सगळ्यांत छोटी स्पर्धा) जिंकलं की २५०. दुहेरीतही तेच, आणि जोडीतल्या प्रत्येकाला पूर्ण गुण. पाच वेळा एम १५ जिंकणं आणि एकदा चॅलेंजर ७५ जिंकणं यांत गुणांचा फरक नाही. खर्चाचा आणि अंगावर पडणाऱ्या सामन्यांचा मात्र प्रचंड फरक आहे. शिवाय हे गुण ५२ आठवड्यांनी गळून पडतात. मागच्या वर्षी याच आठवड्यात जिंकलेलं या वर्षी परत जिंकावं लागतं, तेव्हा कुठे माणूस आहे तिथे राहतो.

इथेच तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. एका आठवड्यात एकच स्पर्धा खेळता येते. दुहेरीतल्या २८० रँकिंगवर तुमच्या मुलाला छोट्या चॅलेंजर स्पर्धांच्या दुहेरीत जागा मिळू शकते. एकेरीतल्या ७०० वर त्याला चॅलेंजरच्या पात्रता फेरीतही क्वचितच जागा मिळेल. एकेरी खेळायची तर एम १५ किंवा एम २५ लाच जावं लागेल. म्हणजे त्याची एकेरी आणि त्याची दुहेरी दोन वेगवेगळ्या शहरांत आहे. तो दर आठवड्याला एकेरीसाठी खाली उतरतो आणि दुहेरीत जिथे गुण आहेत ती पायरी सोडून देतो. एकेरीवर त्याचं प्रेम असणार आणि ते सोडणं सोपं नाही, हे मी फार जवळून पाहिलं आहे. तरी पंचवीसाव्या वर्षी या आकड्यांवर मी त्याला चॅलेंजरच दाखवेन. मधल्या रिकाम्या आठवड्यात, घराजवळ एखादी एम १५ असेल तर एकेरी जरूर खेळावी, कारण सलग दोन तास धावण्याची सवय दुहेरीत सुटते आणि ती सुटू द्यायची नसते.

चॅलेंजरमध्ये जागा मिळते कशी, हेही समजून घ्या. ड्रॉ सहसा सोळा जोड्यांचा. दोघांच्या रँकिंगची बेरीज करतात, ज्या जोडीची बेरीज कमी ती आधी. बेरजेसाठी प्रत्येकाला आपलं एकेरीचं किंवा दुहेरीचं, जे चांगलं असेल ते रँकिंग वापरता येतं. त्यामुळे एकेरीत १२० वर असलेला खेळाडू, दुहेरीचा सराव नसला तरी, एखाद्या मित्राला घेऊन सहज आत येतो आणि तुमच्या मुलासारखी जोडी बाहेर राहते.

बालेवाडीत चॅलेंजर असते तेव्हा साइन-इनची (नाव नोंदवण्याची) वेळ संपण्याआधीचा अर्धा तास एकदा पाहा. सुपरवायझरच्या टेबलाभोवती दहा-बारा मुलं उभी असतात. प्रत्येकाच्या हातात फोन, डोक्यात बेरीज. कुणीतरी विचारतं, "तुझं किती? दोनशे चाळीस? माझं तीनशे दहा. साडेपाचशे होतात, बसेल का?" एकेरीची पात्रता फेरी हरलेला एखादा ऑस्ट्रेलियन बॅग भरून गेटकडे निघालेला असतो, त्याला कुणी हाक मारून परत बोलावतं, कारण त्याचं एकेरीचं रँकिंग १९० आहे आणि त्याच्याबरोबर नाव दिलं तर जागा पक्की. ज्यांची बेरीज थोडक्यात हुकते ते अल्टरनेट म्हणून बसून राहतात. सकाळी वॉर्म-अप करायचा, टेप लावायचा, बूट घालून तयार राहायचं, आणि कुणाची पाठ दुखते का याची वाट पाहायची. कधी सोमवारी बोलावणं येतं, कधी येतच नाही. हॉटेलचं बिल मात्र स्वतःच्या खिशातून.

म्हणून दुहेरीत सगळ्यात मोठा निर्णय पार्टनरचा. रॅकेट, कोच, फिजिओ, सगळं त्यानंतर. २८० वरची बहुतेक मुलं आठवड्याच्या पार्टनरवर जगतात. गुरुवारी हरलं की रात्री दहा जणांना मेसेज: "पुढच्या आठवड्यात कुणाबरोबर आहेस?" अशाने वर्षाला पंधरा-वीस वेगवेगळे पार्टनर होतात, आणि दुसरी सर्व्ह कुठे टाकायची, कोण मधला चेंडू घेणार, हे प्रत्येक वेळी नव्याने ठरवावं लागतं. मी पाहिलेली जी मुलं दोनशेच्या आत गेली, त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांनी निदान सहा महिने एकच पार्टनर धरला होता.

२०२४ ची दोन उदाहरणं देतो. सप्टेंबरात जीवन नेदुंचेळियन आणि विजय सुंदर प्रशांत यांनी हांगझोऊची एटीपी २५० जिंकली. ऑक्टोबरात आपल्या पुण्याचा अर्जुन कढे आणि ऋत्विक बोल्लिपल्ली यांनी अल्माटीची एटीपी २५० जिंकली. पहिला सेट गमावला, दुसरा टायब्रेकमध्ये घेतला आणि सुपर टायब्रेक १४-१२ ने. हे चौघेही तोवर मुख्यतः चॅलेंजरमध्ये घाम गाळणारे खेळाडू, टीव्हीवर क्वचितच दिसणारे. अल्माटीच्या त्या अंतिम सामन्यात नेटच्या पलीकडे कोलंबियाचा निकोलस बारिएंतोस होता. २०२५ च्या सुरुवातीला ऋत्विकने त्याच बारिएंतोसबरोबर सांतियागोची चिली ओपन जिंकली. सर्किटवर पार्टनर असे मिळतात: जो समोर उभा राहून आपल्याला त्रास देतो, त्याचा फोन नंबर घेऊन ठेवायचा.

१४-१२ वरून आठवलं, दुहेरीच्या नियमांबद्दल बोललंच पाहिजे, कारण घरच्यांना निकाल पाहून वाटतं की मुलगा कधी जिंकतो कधी हरतो, काही ताळतंत्रच नाही. एटीपीने २००६ पासून दुहेरीत ॲडव्हांटेज काढून टाकला. ४०-४० झालं की एकच पॉइंट, आणि सर्व्ह कुठल्या बाजूला घ्यायची हे रिटर्न करणारी जोडी ठरवते. तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा सुपर टायब्रेक. चॅलेंजर आणि आयटीएफलाही हेच. त्यामुळे सामना तास-सव्वा तासात संपतो आणि बरोबरीच्या दोन जोड्यांत निकाल चार-पाच पॉइंटवर फिरतो. एखादा महिना सलग चार पहिल्या फेऱ्या हरलेला मुलगा वाईट खेळत असेलच असं नाही. त्या चार सामन्यांत तीन सुपर टायब्रेक असतील तर मी काहीही बदलत नाही. चारही सरळ सेटमध्ये गेले असतील तर बसून बोलतो.

२८० आणि १०० यांच्यातला फरक सर्व्हमध्ये फारसा दिसत नाही. दोन्हीकडची मुलं दणकून सर्व्ह करतात. फरक दिसतो दुसऱ्या सर्व्हच्या रिटर्नवर. वरची जोडी तो रिटर्न नेटवर आलेल्या सर्व्हरच्या पायाशी उतरवते, त्याला खालून व्हॉली उचलावी लागते आणि रिटर्न करणाऱ्याचा पार्टनर मध्ये सरकून ती संपवतो. खालची जोडी जोरात मारते, चेंडू खांद्याच्या उंचीवर जातो आणि पॉइंट तिथेच संपतो. दुसरा फरक ४०-४० च्या पॉइंटचा. चांगल्या जोडीचं तिथे ठरलेलं असतं: कुठे सर्व्ह, आय फॉर्मेशन (सर्व्हरचा पार्टनर नेटजवळ मधोमध वाकून उभा) घ्यायची का, नेटवरचा कुठे सरकणार. पाठीमागे हात नेऊन बोटाने खूण केली की विषय संपला. मी सरावात शेवटचा तासभर फक्त हाच पॉइंट खेळवतो. मुलाच्या सरावात दुसऱ्या सर्व्हच्या रिटर्नला आणि या पॉइंटला किती वेळ दिला जातो, ते त्याला विचारा. दोन तास बेसलाइनवरून क्रॉसकोर्ट मारत असेल तर तो अजून एकेरीचाच सराव करतो आहे.

आता वरच्या टोकाचे पैसे. विम्बल्डन २०२५ मध्ये एकेरीच्या पहिल्या फेरीत हरलेल्याला ६६,००० पौंड मिळाले. दुहेरीच्या पहिल्या फेरीत हरलेल्या जोडीला १६,५००, माणशी ८,२५०. बरोबर आठवा भाग. हा अन्याय आहे असं माझं स्पष्ट मत आहे, पण तुमच्या हिशोबासाठी दुसरी गोष्ट महत्त्वाची: ८,२५० पौंड म्हणजे नऊ-साडेनऊ लाख रुपये, एका सामन्याचे, तोही हरून. वर्षात चार ग्रँड स्लॅम. नुसती प्रवेश मिळण्याची पात्रता असली तरी वर्षाचा प्रवास, कोच, फिजिओ यांचा मोठा भाग तिथून निघतो. त्या ड्रॉमध्ये ६४ जोड्या असतात. माझ्या अनुभवात दोघांची बेरीज दीडशेच्या आसपास किंवा आत असावी लागते. म्हणून ७५ आणि १०० या दोन क्रमांकांत खेळाचा फरक नखाएवढा आणि कमाईचा फरक घरभर असतो. एटीपीने २०२४ पासून एकेरीतल्या पहिल्या २५० खेळाडूंना वर्षाच्या किमान उत्पन्नाची हमी दिली. दुहेरीच्या खेळाडूंना तशी हमी नाही. दुखापत झाली की आवक शून्य.

वारंही सध्या दुहेरीवाल्यांच्या बाजूने नाही. २०२५ च्या यूएस ओपनने मिश्र दुहेरी मुख्य स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात नेली, सोळाच जोड्या ठेवल्या आणि एकेरीतल्या बड्या नावांना बोलावलं. विजेत्यांना दहा लाख डॉलर. दुहेरीत आयुष्य घालवलेल्या बहुतेकांना त्यात जागाच उरली नाही. जिंकले मात्र सारा एर्रानी आणि आंद्रेया वावास्सोरी, म्हणजे दुहेरीचेच पक्के खेळाडू. मला त्या रात्री फार आनंद झाला. तरी हा बदल पुढे कुठे जाईल याचा विचार तुम्ही हिशोबात धरला पाहिजे.

रोहन बोपण्णाचं उदाहरण तुम्ही प्रश्नात दिलं आहे: ४३ व्या वर्षी मॅथ्यू एब्डेनबरोबर ऑस्ट्रेलियन ओपन २०२४ जिंकली आणि जगात पहिला झाला, मग आमच्या मुलाकडे अजून अठरा वर्षं आहेत, नाही का? बोपण्णाबद्दल माझ्या मनात नितांत आदर आहे. गुडघ्यातली कूर्चा झिजलेली असताना तो अय्यंगार योगाच्या बळावर उभा राहिला. ज्या पुण्यात त्या पद्धतीची संस्था आहे तिथल्या टेनिसवाल्यांना त्याचं विशेष वाटतं. पण तो २०१० मध्ये, तिशीतच, ऐसाम कुरेशीबरोबर यूएस ओपनच्या अंतिम फेरीत होता. तो खालून धडपडत वर आलेला माणूस नव्हे. युकी भांबरी २०२५ मध्ये मायकल व्हीनसबरोबर यूएस ओपनच्या उपांत्य फेरीत गेला, तोही आधी एकेरीत ८३ व्या क्रमांकापर्यंत जाऊन आलेला. तुमच्या मुलाने डोळ्यांसमोर मुंबईचा पूरव राजा ठेवावा असं मी म्हणेन. एकेरीचं मोठं नाव नाही, दिविज शरणबरोबर २०१३ मध्ये बोगोटा आणि २०१६ मध्ये लॉस काबोस जिंकली, आणि २०१७ मध्ये ५२ व्या क्रमांकापर्यंत मजल मारली. ग्रँड स्लॅम खेळला, भारताकडून डेव्हिस कप खेळला. मेहनतीने पोचता येईल अशी ही उंची आहे आणि ती फार मोठी आहे.

पैशाची जोड कुठून? उन्हाळ्यात जर्मनी, फ्रान्स, इटलीच्या क्लब लीग असतात. क्लब सामन्यामागे ठरलेले पैसे देतो, राहायची सोय करतो, आणि तिथूनच आसपासच्या चॅलेंजर करता येतात. पण शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९०च दिवस राहता येतं, म्हणून मे ते ऑगस्टचं कॅलेंडर आधी मांडून मगच व्हिसाचा अर्ज करा. आपल्या मुलांच्या स्पर्धा जेवढ्या हरून बुडतात, तेवढ्याच अपॉइंटमेंट न मिळाल्यामुळेही बुडतात. इंडियन ऑइल, ओएनजीसीसारख्या कंपन्या खेळाडूंना नोकऱ्या देत आल्या आहेत, तिथे अर्ज करण्यात कमीपणा काहीच नाही. आपल्याकडच्या चॅलेंजर साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. त्या काळात वाइल्ड कार्डसाठी (रँकिंग न बघता मिळणाऱ्या थेट प्रवेशासाठी) राज्य संघटनेकडे वेळेत विचारणा करावी. घरी राहून, वरणभात खाऊन मिळणारे ते गुण वर्षातले सगळ्यात स्वस्त गुण असतात. आणि हे गुण हाताशी असले की युरोपातल्या उन्हाळ्यात बेरीज बसते.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. दोन वर्षं द्या, पण मध्ये थांबे ठरवून. पहिल्या वर्षाअखेरीस २०० च्या आत किंवा त्याच्या अगदी लगत. तोवर एक पक्का पार्टनर, ज्याच्याबरोबर निदान पंधरा स्पर्धा झाल्या आहेत. दुसऱ्या वर्षाअखेरीस १२५ च्या आत. पहिला थांबा हुकला आणि कारण दुखापत नसेल, तर दुसऱ्या वर्षाचे पैसे घालू नयेत असं मी म्हणेन. हे बोलणं आत्ताच, शांतपणे, मुलाला समोर बसवून करा. त्यालाही ते हवं असतं. वडिलांचे पैसे उडवतोय ही भावना मनात घेऊन ४०-४० वर सर्व्ह करता येत नाही.

आणि एक कळकळीने सांगतो. लाइव्ह स्कोअर पाहून सामना संपल्या संपल्या फोन करू नका. त्या तासाभरात त्याला पार्टनरशी बोलायचं असतं, पुढच्या आठवड्याचं नाव द्यायचं असतं, तिकीट बदलायचं असतं. तो स्वतः करेल तेव्हा आधी जेवलास का विचारा.

पुढच्या मोसमाचं कॅलेंडर मांडण्याआधी मला दोन गोष्टी लागतील: गेल्या वर्षभरातल्या दुहेरीच्या सगळ्या सामन्यांचे स्कोअर पार्टनरच्या नावासह, आणि तो रिटर्नला ड्यूस (उजवी) बाजू घेतो की ॲड (डावी). त्याच्याकडून घेऊन पाठवा, म्हणजे कुणाबरोबर सहा महिने धरायचे ते आपल्याला ठरवता येईल.